कापलेला कोपरा

साहेब, फोटो तुम्ही चोरलात. केबिनमध्ये चहाचे घोट घेत “कोना उडा दो” म्हणालात आणि जेवायला गेलात. इकडे एका पोराचं प्रेम बुडालं, त्याचा तुम्हाला पत्ताही नाही.

ते पोरगं म्हणजे सिद्धांत. तुमच्याच खात्यात कंत्राटावर पोस्टर बनवणारा. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बाजारात तो नेमका फोटो काढणाऱ्या क्रांतीच्या कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला होता.

“भैया, हटो ना यार!”

“हटतो की, ओरडतेस कशाला…” तो पुटपुटला.

“अरे — मराठी?” ती हसली. झालं! पोरगं तिथंच गारद.

मग तिच्या क्वार्टरच्या गच्चीवर, हिवाळ्यातल्या उन्हात, तो तिला फोटोंवर वॉटरमार्क टाकायला शिकवू लागला. स्क्रीनवर ऊन आलं की दोघांची डोकी एका ओढणीखाली.

“नाव काय टाकू?”

“क्रांती रमाबाई.”

“आणि आडनाव?”

“का? जात शोधतोयस?”

“छे गं! पत्रिकेत छापायला लागेल म्हणून…”

“आधी फोटोवर तर नीट लिही!” ती फणकारली, पण कान लाल झालेच.

फोटो तिच्या आईचा होता. मोबाईलमध्ये बघून खदखदून हसणाऱ्या रमाबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. क्रांतीला नाव मधोमध हवं होतं.

“मधोमध नको, आईंचं हसू झाकेल,” सिद्धांत म्हणाला. “कोपऱ्यात… फिकट… नाजूक.”

तिनं ऐकलं. प्रेमात माणूस ऐकतं.

ऑफिसात तो फोटो उघडून बसायचा, फक्त ते नाव बघायला. तसं त्यानं लाजत तिला सांगितलंही होतं. एक दिवस तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, साहेब. म्हणालात, म्हाताऱ्यांच्या मोबाईल योजनेला हाच फोटो लावा. मग केबिनमध्ये बोलावून नावाचा कोपरा उडवायला सांगितलंत.

“सर, ये फोटो किसी की…” त्यानं तोंड उघडलं. पुढच्याच महिन्यात कंत्राट वाढणार होतं. तोंड मिटलं. ज्या बोटांनी तिचं नाव लिहिलं, त्याच बोटांनी त्यानं ते कापलं. कोपऱ्यातलं नाव — कापायला वेळ किती लागणार?

आज सांगू, उद्या सांगू… करता करता द्वारकेत मेट्रो स्टेशनबाहेर फलक लागला. रमाबाई हसत होत्या आणि खाली खात्याचं नाव, ठळक.

“इथं ये,” क्रांतीचा फोन आला.

तो फलकाखाली पोचला तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“क्रांती, अगं साहेबांनी…”

“साहेबाचं मी बघते. नोटीस देईन, त्याच्या दारात जाऊन बसेन. ते सोड.”

“सॉरी गं… खरंच…”

“सॉरी नकोय मला. रोज बघायचास ना माझं नाव? मग ते कापण्याआधी एक फोन का नाही केलास? मान खाली घालू नकोस, सिद्धांत. बोल!”