राहनाळची हळद

लाइट लवकर येणार नाही. मोबाइल खाली ठेवा. ऐकायचं तर नीट ऐका, मध्ये दात काढायचे नाहीत. हे माझ्या ओळखीच्या पोराबरोबर झालेलं आहे.

वाल्मीक माझ्याबरोबर कापडाच्या लूमवर होता, त्याचा हा मुलगा, मिलिंद. दोन वर्षं धामणकर नाक्यावरच्या एका व्हिडिओवाल्याच्या हाताखाली राबला आणि मग हप्त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला. वाल्मीकनं त्याला बजावलं, "पहिली ऑर्डर फसली तर कॅमेरा परत. सोमवारपासून माझ्या बाजूच्या लूमवर."

पहिली ऑर्डर आली राहनाळ गावची. प्रितेशचं लग्न. दोन हजार चार साल, मे महिना, शनिवारची हळद. मिलिंद दिवस असतानाच रिक्षा करून पोहोचला. मांडवाच्या तोंडाशी नवऱ्या मुलाचा मामा उभा होता, अनंता.

"आमच्यात लोक कॅसेट लावून पयलं सोताला शोधतान," अनंता म्हणाला. "कोन्हाचा तोंड सुटला ना, तर तुला खारीच्या चिखलात गाडीन."

"मामा, पुढं येईल तो प्रत्येक माणूस घेतो."

"बोललास हां!"

गाणी झाली, नाच झाला. मध्यरात्र उलटली आणि लाइट गेली. जनरेटरही खोकून बंद पडला. डीजे गप्प. पोरं पांगली. मांडवात दोन समया, हळदीची वाटी आणि म्हाताऱ्या बायका राहिल्या. मिलिंदच्या कॅमेऱ्यावर बॅटरीचा दिवा होता, तो त्यानं लावला.

मग धवलारीण बसली, राहीबाई. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गाणारी बाई असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. तिनं देवांची नावं घेतली. मग माणसांची घ्यायला लागली.

"गोमाबाबा, मांडवी या..."

मांडवाच्या कडेच्या अंधारातून एक म्हातारा पुढं आला. मिलिंदला वाटलं, मानाची माणसं हळदीला बोलावतायत. त्यानं दिवा वळवला, तोंड घेतलं.

"तुळजाआय, मांडवी या..."

एक म्हातारी आली. डोक्यावर पदर. दिवा थेट डोळ्यांत, तरी पापणी हलली नाही. मिलिंदनं तिलाही घेतलं.

"महादू, मांडवी ये..."

हा तरणा होता. गुडघ्यापर्यंत ओला. चालला तिथं चिखल उमटायला हवा होता.

उमटला नाही.

त्यानं वाटीत अंगठा बुडवला. मग सरळ कॅमेऱ्याकडं आला. जवळ... आणखी जवळ...

"दादा, थोडं मागं व्हा."

तो थांबला नाही. हात पुढं आला. सगळं पिवळं झालं.

"कोनाशी बोलतंस रं?" मागून अनंताचा आवाज.

मिलिंदनं कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला केला. समोर कोणी नव्हतं.

राहीबाईचं गाणं थांबलं होतं. "मी बोलावली ती गेलेली मानसं," ती हळू म्हणाली. "त्यानला उजेडात उभं करीत न्हाईत, पोरा."

समयांच्या ज्योती हलत नव्हत्या.

नवऱ्या मुलाची आई हौसाबाई उठली. कुंकू नसलेलं कपाळ. "महादू आला व्हता?" तिनं विचारलं. "माजा मालक. बारा वर्सांपूर्वी खाडीत बुडून गेला. त्याचा एकबी फोटू न्हाय. मना दाव."

मिलिंदनं कॅसेट मागं नेली. बारक्या पडद्यावर रिकामा मांडव होता. राहीबाईचं गाणं. मिलिंदचा आवाज, दादा, थोडं मागं व्हा. बस.

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुला दिसला ना? त्याच्या आंगठ्याव कोयत्याचा वार व्हता. आडवा."

"अंगठा... नाही पाहिला, मावशी."

त्यानंतर कॅमेऱ्यातून सगळं पिवळंच दिसायला लागलं. मिलिंदनं भिंग पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. डाग जाईना. दुसऱ्या दिवशीचं लग्न त्यानं जुन्या मालकाचा कॅमेरा मागून आणून काढलं. ऑर्डर निभली, म्हणून सोमवारी लूमवर न जाता दुरुस्तीवाल्याकडं गेला. त्यानं पुढची काच उतरवली आणि उलटी धरली.

"डाग अंदर से है. किसने खोला था?"

"किसी ने नहीं."

काचेच्या आतल्या बाजूला हळदीचा अंगठा उमटला होता. मधोमध एक आडवी रेघ.

मिलिंदनं दुरुस्तीवाल्याला ती पुसू दिली नाही. नवी काच बसवून घेतली, जुनी रुमालात बांधली आणि राहनाळला नेऊन हौसाबाईच्या हातात ठेवली.

मिलिंदचा धंदा आज चांगला चालतो. लग्नं करतो, साखरपुडे करतो. हळदीची ऑर्डर घेत नाही.

आणि ती काच हौसाबाईच्या घरात आहे, भिंतीवर, नवऱ्याचा फोटो लागला असता तिथं. गेल्या दिवाळीत मी स्वतः गेलो होतो. हौसाबाई म्हणाली, "हात लावून बगा."

लावला.

हळद ओली होती.