दक्षिणेकडचं पान

चंद्रमोहन बर्फावरून परत आला त्या फेब्रुवारीत कुंतीनं मला रोझ बेलच्या बाजारात लोकरीचं पांघरूण आणायला पाठवलं. कुंती म्हणजे माझी धाकटी भावजय. माझा भाऊ सत्यदेव गेला तेव्हापासून ती आणि तिचा चंद्रमोहन माझ्याच घरात राहतात, आमच्या बेटाच्या दक्षिणेला, शमें ग्रेनिए गावात. उकाडा असा, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानदारानं माळ्यावर चढून, धूळ झटकून एक पांघरूण काढलं.

"आजा, लग्न बर्फात लावताय काय कुणाचं?"

"पोराला थंडी वाजते," मी म्हटलं.

"या दिवसांत? मग पांघरूण कशाला नेताय, वैद्य न्या."

लोक हसले. मीही हसलो. पांघरूण काखेत मारून बसमध्ये बसलो तर माझ्या शेजारी कुणी बसेना, बघूनच त्यांना घाम फुटत होता.

चंद्रमोहन हवामानाचं शिकलेला. एका परदेशी सरकारनं लहान लहान देशांतल्या शास्त्रज्ञांना बोलावलं होतं. दक्षिण ध्रुवाकडे त्यांचं ठाणं आहे, तिथं एक हिवाळा राहा, वारा मोजा, बर्फ मोजा, जाण्यायेण्याचा न् खाण्याकपड्याचा सगळा खर्च आमचा. आमच्या बेटावरून एकालाच घेणार होते. चंद्रमोहनला घेतलं तेव्हा देवळात पेढे वाटले. ऊस तोडणाऱ्यांच्या घरातला मुलगा जगाच्या टोकाला निघाला, ही गोष्ट साधी नव्हे.

वर्षानं परत आला तो निम्मा होऊन. जेवायचा मात्र भरपूर. भाताचे डोंगर संपवायचा आणि ताटावरून उठताना म्हणायचा, "काका, फे फ्रे." म्हणजे इथल्या बोलीत, गार वाटतं. हात धरला तर विहिरीतल्या दोरासारखा गार लागायचा. वैद्य झाले, डॉक्टर झाले. रक्तात काही नाही, छातीत काही नाही. अंगाला मात्र एक घास लागेना. गळ्याची हाडं दिसायला लागली तशी कुंती स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडायची.

सप्टेंबरात ठाण्यावरून निरोप आला. चंद्रमोहनचं काम चांगलं झालं, तेव्हा दुसऱ्या हिवाळ्यालाही त्यालाच बोलावतो, खर्च पुन्हा आमचाच. नाही म्हणाला तर ती जागा इंद्राणीला. इंद्राणी आमच्या बलरामची मुलगी. बलराम न् मी एकाच मळ्यात म्हातारे झालो. तीही हेच शिकलेली, हुशार.

"मी जाणार," चंद्रमोहन म्हणाला.

कुंतीच्या हातातली पळी थांबली. "आरशात बघ एकदा. तू पोचशील तरी का तिथं?"

"जायला हवं, आई."

"का? काय ठेवलंयस तिथं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग हळू म्हणाला, "काका... तिथं त्याला कोण वाढणार?"

दुपारची वेळ होती. अंगणात पोत्यावर मिरच्या वाळत होत्या. तिथं बसून त्यानं सांगितलं ते मी आहे तसं सांगतो.

तिथं हिवाळ्यात सूर्य उगवत नाही. पक्षी नाही, कुत्रं नाही, माशीसुद्धा नाही. सूर्य पुन्हा दिसायला लागला तेव्हा भाद्रपदातला पितृपंधरवडा चालू होता, आणि याला घरची आठवण झाली. आमच्या घरी पितरांचं पान समुद्रावर ठेवतात. आमचे जुने लोक कोकणातून जहाजानं आले. वाटेत मेले त्यांना पाण्यात सोडलं, आणि इथं तेव्हा कावळेही नव्हते. म्हणून भरती बघायची, पान खडकावर ठेवायचं, एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, आणि पानाभोवती पाणी फिरवायचं. नाव घेतलं तोच येतो. पाणी फिरवलं की दुसरा कुणी आत येत नाही.

पोरानं ठाण्याबाहेर बर्फावर डाळभाताचं ताट ठेवलं. डब्यातला भोपळाही शिजवून वाढला. नावं मात्र आठवेनात. मी दरवर्षी मोठ्यानं घेतो, तो मागे उभा राहून ऐकतो. पण आमची मुलं मराठी ऐकतात ती पाऊस ऐकावा तशी. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जे कोणी असाल ते या, जेवा." मग तांब्या तिरका केला. पाणी निम्म्यावर आलं आणि गोठलं. गोल काही पुरा झाला नाही.

"दुसऱ्या दिवशी ताट चाटूनपुसून साफ," तो म्हणाला. "मी मुख्य साहेबांना विचारलं, इथं कधी कुणी मेलंय का? ते म्हणाले, कुणीच नाही. या जागेवर आमच्याआधी माणूसच आला नव्हता."

"मग जेवला कोण?" कुंतीनं विचारलं.

"मो पा कोने, आई. ठाऊक नाही. पुढे मी रोज वाढायचो. एक दिवस राहिलं, तर आतल्या दारावर... कुणी ठोकलं नाही. नुसतं टेकून उभं राहिल्यासारखं. दार आत वाकलं होतं."

कुंती पोत्यावरच्या मिरच्या उलट्या करायला लागली.

"आता मी इथं जेवतो ते तिथं जातं. मला कळतं ना. घास गिळला की कुठेतरी लांब पोट भरतं."

मी विचार केला. हाक आमच्या घरच्यानं मारली, तेव्हा निरोपही आमच्या घरच्यानंच द्यायला हवा. सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर होती.

आम्ही तिघं ग्री ग्रीच्या किनाऱ्यावर गेलो. आमच्या बेटाला सगळीकडे खडकांचं कडं आहे, तिथं मात्र ते तुटलंय, समुद्र सरळ येऊन आपटतो. पलीकडे दक्षिणेला जमीन म्हणून नाही, ती थेट बर्फापर्यंत. दक्षिण ही पितरांचीच दिशा. भर बारा वाजता, लखलखीत उन्हात मी केळीचं पान मांडलं. भात गरम होता, वाफ येत होती. मी नावं घेतली. बापाचं घेतलं, आज्याचं घेतलं, सत्यदेवाचं घेतलं. मग म्हटलं, "आणि जो बर्फावर जेवला, त्यानं यावं. शेवटचं."

वारा पडला. लाटा आपटत होत्या, पण त्यांचा आवाज लांबून यावा तसा येऊ लागला. भाताची वाफ थांबली. वासही गेला, भाताचा, समुद्राचा, कुंतीच्या डोक्यातल्या तेलाचा, सगळाच. पानाची कड काळी पडली, जशी विस्तवानं पडते तशी, आणि ते काळं हळूहळू आत सरकायला लागलं.

"आला," चंद्रमोहन म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"काय म्हणतो?"

"काही नाही... थांबलाय. त्याला नाव हवंय, काका. नाव घेतल्याशिवाय तो जेवणार नाही, आणि जेवल्याशिवाय जाणार नाही."

कुंती पुढे आली. "सत्यदेवाचं दे, भाऊजी. नाहीतर माझं दे. पण माझ्या पोराला सोडव."

मेलेल्याचं नाव दिलं असतं तर सत्यदेव उपाशी राहिला असता. कुंतीचं कसं द्यावं? ती आई होती. म्हणून मी माझंच दिलं. म्हटलं, "परशुराम. हे नाव घे, पोटभर जेव आणि आल्या वाटेनं जा." समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन पानाभोवती फिरवलं. गोल पुरा केला.

माझी पापणी लवली असेल नसेल. पानावर शीत नव्हतं.

मग लाटांचा आवाज परत आला. चंद्रमोहन खडकावर मटकन बसला आणि म्हणाला, "केवढं उकडतंय." त्याच्या कपाळावर घाम होता. कुंतीनं तो पदरानं पुसला आणि मग पदराकडेच बघत राहिली.

पोर सुधारला. महिन्याभरात शर्ट अंगाला बसायला लागले. ठाण्याला त्यानं नाही कळवलं, तेव्हा जागा इंद्राणीला गेली. ती निघाली त्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, तिथं बाहेर कुणाला वाढू नकोस."

"काका, स्वयंपाक करायलाच येत नाही मला. आईला विचारा," ती म्हणाली. बलराम म्हणाला, "बर्फ तेवढा शिजवील."

वर्षानं ती परत आली. चांगली गोल होऊन, गाल लाल. मला वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि सहज म्हणाली, "काका, तुमच्यामुळे माझा हिवाळा निभावला."

"माझ्यामुळे कसा?"

"काळोख लांबला की माणसांना घरचे लोक दिसतात. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, घाबरू नका. मला तुम्ही दिसायचात. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी विचारलं कोण, तर म्हणालात परशुराम. तुम्ही कुणाला वाढू नको म्हणाला होतात, पण तुम्हीच आलात तर नाही कसं म्हणू?"

"तोंड दिसलं?"

"नाही. बर्फ होता ना तोंडावर." तिनं बिस्किट चहात बुडवलं. "निघायच्या आधी मी सांगितलं, काका, मी आता घरी चालले. तर तुम्ही म्हणालात, जा. मी आहेच घरी."

बलराम हसला. चंद्रमोहन उठून बाहेर गेला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. चंद्रमोहन बरा आहे, त्याचं लग्न ठरलंय. मला थंडी वाजत नाही, जेवण अंगी लागतं. कुणाला काही त्रास नाही.

परवा दुपारी मी जेवत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. बलरामनं रस्त्यावरून हाक मारली, "परशुराम, आहेस का?" तोंडात घास होता म्हणून मी थांबलो. आतल्या खोलीतून कुणीतरी ओ दिली.

बलरामला ती ऐकू गेली. त्यानं हात वर केला आणि तो पुढे निघून गेला. माझा घास अजून चावून झाला नव्हता.