डाव्या कानाची गादी

दिवे मालवले की घड्याळवाले आजोबा ही गोष्ट सांगतात, आणि सांगण्याआधी सगळ्या पोरांना कानांवरचं काढून ठेवायला लावतात. खोटं वाटलं तर उठून जा म्हणतात. कोणी उठत नाही.

त्यांच्या दुकानाला लागून हेडफोन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. घरात तो आणि त्याची भाची, म्हणून गल्लीभर तो मामाच. हाताचा मोठा स्वच्छ माणूस. त्याचे दोन नेम होते. हेडफोनची जुनी गादी उतरवली की ती कात्रीने मधोमध कापायची, मगच टाकायची, म्हणजे एकाचा घाम-मळ दुसऱ्याच्या कानाला लागायचा नाही. आणि दुरुस्त झालेला प्रत्येक हेडफोन आधी स्वतःच्या डाव्या कानाला लावून बघायचा. दोन्ही नेम त्याने एकाच संध्याकाळी मोडले.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार. थंडी कडाक्याची. दिवेलागणीला एक म्हातारी आली, नाकाला रुमाल धरून. बिनवायरचा भारी हेडफोन तिने दोन बोटांनी धरून टेबलावर ठेवला. मुलाचा होता, म्हणाली. मुलगा गेला. डावा कान वाहायचा त्याचा, तरी रात्रंदिवस हाच डोक्यावर. एकटा राहायचा, दार फोडून आत गेले तेव्हा फार दिवस झाले होते, आणि हेडफोन कानांपासून सुटता सुटत नव्हता.

"यंत्र कोणाच्या कामी आलं तर द्या," म्हणाली, "गाद्या मात्र जाळा हो."

मामाने चिमट्याने गाद्या उतरवल्या. डावीच्या शिवणीत पिवळी खपली आणि त्यात रुतलेला एक केस. मामा कात्री उचलतोय, तोच जिन्यावरून भाची उतरली.

भाचीचं काम असं की डॉक्टर बोलून ठेवतात, ती ऐकून टाइप करते. उरलेलं सगळं सकाळपर्यंत गेलं नाही तर काम दुसरीला द्यायचं ठरलं होतं, तसा निरोपच आला होता. आणि तिच्या हलक्या हेडफोनने कानांच्या पाळ्या चेमटून मागचं कातडं सोलवटलं होतं.

"गावभराचे कान सांभाळतोस मामा," ती म्हणाली, "घरचे दोन तेवढे राहिलेत."

मामाने सगळे खण धुंडाळले. त्या मापाच्या नव्या गाद्या नव्हत्या. पुढ्यात त्या दोन पडलेल्या, लोण्यासारख्या मऊ. त्याने त्या स्पिरिटने पुसल्या, शिवणी टाचणीने कोरल्या, परत पुसल्या आणि पुन्हा चढवल्या. एक रात्र तर घालायच्या, असं स्वतःची समजूत घालत म्हणाला. कोणाच्या, ते तिला सांगितलं नाही. आपल्या कानाला लावून बघायची मात्र त्याला शिसारी आली.

भाची हरखली. वरूनच हाक मारून सांगू लागली, की डॉक्टर जणू शेजारी बसून बोलतोय, त्याने उलटलेला कागदसुद्धा ऐकू येतो, आणि गाद्या तर डोक्यावर काही आहे हे जाणवूच देत नाहीत. किती उबदार आहेत, म्हणाली. त्या उबेचं मामाला काही बरं वाटलं नाही.

पावणेबाराला तो दुधाचा पेला घेऊन वर गेला. भाची पाठमोरी बसलेली. बोटं थांबलेली. हेडफोनचा निळा दिवा विझलेला.

"झालं का काम?"

"झालं. पाठवलं."

"मग काढ की तो."

"बंद केलाय मामा… केव्हाचा."

"मग?"

"कोणीतरी चावतंय… ओलं ओलं…"



मामाने दिवा जवळ आणला. डाव्या गादीखालून मानेवर ओघळ आला होता. पिवळा. दाट. आंबलेल्या मोज्यांसारखा वास… त्याने हेडफोन धरला. ओढला. निघेना. गादी गरम. पुन्हा ओढला. जखमेवरची ओली पट्टी निघावी तसा आवाज झाला. सुटला. कानापासून गादीपर्यंत एक तार लांबत गेली… तुटली.

भाची मोरीकडे धावली. साबणाने कान धुतला. आतून धड. कोरडा.

मामा तिथेच उभा. हेडफोन हातात. इतक्या वर्षांचा हात तो… सवयीने वर गेला.

डाव्या कानाला लागला.

काय ऐकलं, ते त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच रात्री त्याने गाद्या मधोमध कापल्या. आतला स्पंज कोमट पाझरला. दुकानामागे पत्र्याच्या डब्यात त्या जाळल्या, हेडफोनही त्यातच. भाचीचं काम टिकलं. आता ती सगळं मोकळ्या स्पीकरवर ऐकते. मामाने कानाच्या डॉक्टरला दोनदा दाखवलं. कान स्वच्छ आहे, म्हणाला.

आजोबा सकाळी मामाकडे चहाला जातात. दोरीवर रोज उशीचा अभ्रा वाळत असतो. एकदा ते लवकर गेले, अभ्रा अजून मामाच्या उशीवरच होता. डाव्या अंगाला पिवळा डाग. ओला. बांगडीसारखा गोल…

आणि मधोमध, कानाएवढी जागा कोरडी.