चार नंबरच्या टेबलावरचे प्रश्न

शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वेंगुर्ल्यातल्या शैला नार्वेकरच्या खानावळीत चार नंबरच्या टेबलावरचा दिवा पिवळा झाला. तिथे फेरीबोट हाकणारे तांडेल रघुवीर तुळसणकर आणि त्यांची बायको कुमुद बसले होते. जेवण अजून मागवायचं होतं.

प्रत्येक टेबलावरच्या दिव्याच्या बुडाशी ‘पुसकान’ नावाचं यंत्र असतं. जेवण मागवण्याआधी गिऱ्हाईक काय पुसतं, तेवढंच ते ऐकतं. विस्मरणाचा आजार नावगाव विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी प्रश्नांत दिसतो, हा त्यामागचा शोध. सुरमई ताजी आहे असं कळलं, की निरोगी माणूस विचारतो, तळलेली की कालवणातली? एका उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राहतो. आजार लागला, की उत्तर ऐकलं जातं, पण पुढचा प्रश्न अधांतरी येतो. रघुवीरकाकांना शैलाने सुरमई संपल्याचं सांगितलं होतं. त्यावर त्यांनी विचारलं होतं, “सुरमईत काटे फार आहेत काय?” गेले कित्येक शनिवार असंच चाललं होतं; असे प्रश्न साठले, की दिवा पिवळा होतो.

यंत्राची खबर पोचताच आरोग्य केंद्राचे डॉक्टर मुकादम आले. “सोमवारपासून काकांचा परवाना बंद,” ते शैलाला बाजूला घेऊन म्हणाले. “शाळेची पोरं असतात बोटीत.”

शैलाला राहवलं नाही. “डॉक्टर, प्रश्न काकांचे नव्हेत. बाईने परक्याकडे मागून खाऊ नये, असं काकूंना माहेरी शिकवलेलं. त्या काकांच्या कानात सांगतात, काका आम्हाला पुसतात.”

“म्हणजे आजार काकूंना?”

“तसं कुठे म्हटलं मी!”

मुकादम घुटमळले. “कदाचित काकाच उत्तर धड पोचवत नसतील. दोघांत मिळून एकच धागा आहे. तो तुटतो कुठे, ते यंत्राला कळत नाही.”

“मग दोघांनाही औषध द्या.”

“निरोगी मेंदूला ते बाधतं. आणि आजाऱ्याला उशिरा दिलं तर लागू पडत नाही.”

टेबलावरून काकांचा आवाज आला. “कुजबुजताय काय? आजारी म्हणून माझं नाव घाला. बोट काय, दुसरा कोणीही हाकेल.”

कुमुदकाकू त्यांच्या कानाशी वाकल्या.

“काय म्हणतात काकू?” डॉक्टरांनी विचारलं.

काका म्हणाले, “म्हणते, तिचं घाला.”

शेवटी डॉक्टरांनी चार नंबरचा दिवा विझवला आणि काकांना दारालगतच्या नऊ नंबरच्या टेबलावर बसवलं, पाठमोरं. दोघांनी आपापले प्रश्न पुसून जेवण मागवायचं आणि कुठला दिवा पिवळा होतो ते पाहायचं, एवढीच तपासणी. आपण तोंड उघडलं नसतं तर बरं, की उघडलं तेच बरं, हे शैलाला ठरवता येईना. तिने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

“काकू, काय देऊ?”

काकूंचे ओठ हलले. मान सवयीने डावीकडे वळली. तिथे रिकामी खुर्ची होती. त्यांनी ओठ मिटले.

शैला दाराकडे गेली. “काका, तुम्हाला?”

“आधी तिला पूस, तिला काय हवंय.”

“पुसलं. बोलत नाहीत.”

“मग थांब गो.”

अडीचला खानावळ रिकामी झाली. डॉक्टर उभेच होते. दोन्ही टेबलांवरून एकही प्रश्न आला नव्हता आणि दोन्ही दिवे विझलेले होते.