स्वच्छ शांतता

त्या दिवशी कानसेन कामावर गेला तो नेहमीच्याच कामाला. सकाळी थेट प्रक्षेपण होतं. म्हणजे आधी सगळ्या लाइनी तपासायच्या, सभागृहातल्या प्रत्येक माइकवर कुणाला तरी "हॅलो, हॅलो" करायला लावायचं, मान हलवायची आणि मग चहा घ्यायचा. सरकारी वाहिनीवर आवाज सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गळ्यात सूर नाही पण कान भलताच तयार, म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं ते नाव. पुढे ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं.

फरक एवढाच, की त्या दिवशीचं प्रक्षेपण श्रद्धांजलीचं होतं, आणि ज्यांना श्रद्धांजली वाहायची होती त्यांत त्याचा धाकटा भाऊ होता.

डोंगराच्या पोटातून सरकार बोगदा खणत होतं. एका दुपारी छत खचलं आणि पाळीवरची माणसं आत राहिली. सुरुवातीला धावपळ झाली, नाही असं नाही. ढिगाऱ्यातून एक अरुंद पाइप आत घातला, त्यातून माइक खाली सोडला. बचाव पथकाकडे धड माइक नव्हता, म्हणून तो वाहिनीने दिला. कानसेनने स्वतः निवडून, पुसून, केबल गुंडाळून दिला. बोगद्याच्या तोंडाशी प्रक्षेपणाची गाडी उभी होती. तिच्यातून त्या माइकची लाइन थेट त्याच्या टेबलाशी यायची.

"आवाज आला तर खणू," मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं. "एक आवाज येऊ दे, डोंगर उलटा करू."

त्या एका आवाजासाठी कानसेन ड्यूटी संपली तरी हेडफोन लावून बसायचा. पाण्याचे थेंब ऐकू यायचे. कधी कुठे माती सुटायची. त्यापलीकडे काही नाही. हळूहळू वरच्यांचा उत्साह ओसरला. जिवंत माणूस बाहेर काढायला घाम गाळावा लागतो, मेलेल्यासाठी भाषण पुरतं. मग ठरलं, की सभागृहात भाषण होईल, दोन मिनिटं शांतता पाळली जाईल, आणि ती संपली की बोगद्याचं तोंड काँक्रीटने बुजवायचं. लोकांच्या सुरक्षेसाठी म्हणे. तेही थेट दाखवायचं होतं.

सकाळी तो घरातून निघाला तेव्हा धाकट्याची बायको दाराशी उभी होती. तिने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. शेजारीपाजारी त्यावरही कुजबुजायचे.

"दादा, तुम्ही तिथेच असणार ना, त्या मशीनपाशी?"

"असणार."

"मग लक्ष ठेवा. ते गप्प बसणाऱ्यातले नाहीत."

कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असो की आभाळ फाटलेलं असो, आत तोच मंद दिवा, तापलेल्या यंत्रांचा आणि जुन्या गालिचाचा तोच वास. निर्मात्या मॅडम आल्या, त्याच्या खांद्याशी थबकल्या.

"खरं तर तुम्हाला आज सुट्टी द्यायला हवी होती हो. पण शांतता तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?"

आता तुम्ही म्हणाल, शांततेत सांभाळायचं ते काय? पण सरकारी शांतता अशी आपोआप होत नसते. एवढ्या मोठ्या सभागृहात कुणाला खोकला येतो, कुणाचा फोन वाजतो, कुणाची खुर्ची करकरते. शिवाय सगळं अगदीच ठप्प झालं तर यंत्राला वाटतं लाइन तुटली, आणि ते आपणहून संगीत सुरू करतं. एकदा ऐन श्रद्धांजलीत बासरी वाजली होती आणि तिच्यापायी एका माणसाची बदली झाली होती. तेव्हापासून कानसेनने एक टेप करून ठेवली होती, रिकाम्या सभागृहाची. पंख्यांची बारीक घरघर, बाकी काही नाही. समोर प्रत्येक आवाजाची एक सरकती पट्टी असायची. वर ढकलली की आवाज देशभर, खाली ओढली की बंद; त्याच्या हेडफोनमध्ये मात्र पट्टी खाली असली तरी लाइन ऐकू यायचीच. शांततेत जरा कुठे खट् झालं, की तो डाव्या हाताने सभागृह खाली घ्यायचा आणि उजव्या हाताने टेप वर. लोकांना कधी कळायचंही नाही. देशाने आजवर पाळलेल्या बऱ्याच शांतता याच टेपवरच्या होत्या.

त्या दिवशी मात्र त्याच्या मनात वेगळंच होतं. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. दोन मिनिटं सगळा देश कान देऊन उभा राहणार होता. त्या दोन मिनिटांत तो सभागृहही लावणार नव्हता आणि टेपही. पाइपची लाइन लावणार होता. आत कुणी हललं, कण्हलं, दगडावर दगड जरी आपटला, तरी घराघरात ऐकू जाईल. मग कुणाला कानावर हात ठेवता येणार नाहीत. नोकरी जाईल तर जाऊ दे. ती असून तरी काय दिवे लागले होते!

भाषण झालं. नेत्यांचा आवाज योग्य तिथे दाटून आला. कानसेनने तो योग्य तेवढा वर घेतला. मग सगळे उभे राहिले.

"शांतता," मॅडम हलकेच म्हणाल्या.

त्याने सभागृह खाली ओढलं आणि पाइपची पट्टी वर ढकलली.

काळोखाला आवाज असतो, हे त्याला ठाऊक होतं. हेडफोनमध्ये तो आला. ओल्या दगडांचा, खोल, दबलेला. थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. मॅडमनी मान वर केली नाही. त्यांना ती नेहमीचीच शांतता वाटली असावी. कानसेनने श्वास रोखून धरला. बोल रे, तो मनात म्हणत होता. काहीही बोल. शिवी दे मला हवं तर...

आणि टक टक झालं. घाईघाईने. मग जरा थांबून, हलकेच... टक.

धाकटा दार असंच वाजवायचा. बेल असूनही कधी बेल दाबली नाही. दोन घाईच्या थापा, आणि मग एक हलकी, उगाच रागावू नका म्हणून मारल्यासारखी. पुन्हा झालं. टक टक... टक. तो जिवंत होता. आत होता आणि दार वाजवत होता.

कानसेनला ओरडायचं होतं. मॅडमना हाताला धरून हलवायचं होतं. पण त्याआधी त्याची नजर खाली गेली, आणि तो बघतच राहिला.

त्याच्या डाव्या हाताने पाइपची पट्टी तळापर्यंत ओढलेली होती. उजव्या हाताने टेप वर नेलेली होती. पंख्यांची घरघर देशभर चालू होती.

केव्हा केलं? पहिल्याच थापेला. हातांनी त्याला विचारलंच नव्हतं. शांततेत खट् झालं की काय करायचं, हे त्यांना इतकी वर्षं शिकवलेलं होतं आणि त्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. जन्मभराच्या इमानी नोकरीने त्याच्या हातांनीच त्याच्या भावाचं तोंड दाबलं होतं. त्याने पट्टी परत वर ढकलली, पार टोकापर्यंत. आता तिथे थापा नव्हत्या. थेंबही नव्हते. काहीच नव्हतं.

"मॅडम, थांबवा! काँक्रीट थांबवा. आत आवाज आला. माझ्या भावाचा आहे, मी ओळखतो..."

मॅडमचा चेहरा पडला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी लगेच बोगद्याशी उभ्या असलेल्या गाडीतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलं. "पाइपच्या माइकवर काही आलं का आत्ता?"

क्षणभर खरखर झाली. मग गाडीवाला गोंधळून म्हणाला, "कुठला माइक, मॅडम? तो सकाळीच वर काढला. काम संपलं म्हणाले. हा काय, माझ्यासमोर पेटीत पडलाय... केबलसुद्धा गुंडाळलीय."

कानसेनने पाइपच्या पट्टीकडे पाहिलं. मग आत्ता थेंब कुठले पडत होते?

"रेकॉर्डिंग लावा," तो पुटपुटला. "निदान ती पहिली थाप असेल त्यात."

मॅडमनी लावलं. दोघांनी ऐकलं. आधी थोडा वेळ काहीच नाही, थेंबसुद्धा नाहीत. मग पंखे, फक्त पंखे. त्याचा हात इतका चपळ होता की थापेचा कणही बाहेर गेला नव्हता.

"तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "पण याच्यावर मी कुणाला काय सांगू?" तेवढ्यात फोन वाजला. त्या उभ्या राहून "हो सर, आभारी आहे सर" करत राहिल्या आणि फोन ठेवून कसंनुसं हसल्या. "वरून कौतुक आलंय. इतकी स्वच्छ शांतता आजवर गेली नव्हती म्हणाले."

पडद्यावर गाड्या मागे सरकल्या आणि राखाडी चिखल बोगद्याच्या तोंडात ओतला जाऊ लागला. कानसेन उठला नाही. उठून जाणार कुठे? "आवाज जरा कमी घ्या, कानाला लागतोय," मॅडम म्हणाल्या, आणि त्याने काँक्रीटचा आवाज कमी घेतला.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. जिन्यात ओल्या मातीचा वास होता. खालच्या मजल्यावर काही काम चालू असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. म्हातारे वडील टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड करून बसले होते. धाकट्याची बायको उभी होती.

"बाबा बघा ना, सकाळपासून बोलत नाहीत," ती म्हणाली.

"काय झालं?"

"टीव्हीवर शांतता सुरू झाली. बाबा उभे राहिले, मीही राहिले. तुम्ही पाठवलेली शांतता म्हणून बाबा नेहमी ताठ उभे राहतात, तुम्हाला माहीत आहे." तिने दाराकडे पाहिलं. "आणि दार वाजलं, दादा."

कानसेन खाली बसला.

"ह्यांचंच वाजवणं. मी धावणार, तर बाबांनी हात केला. थांब म्हणून. शांतता मोडू नये म्हणून... आणि मी थांबले! माझा नवरा दार वाजवत होता आणि मी सरकारची शांतता पाळत उभी होते. संपल्याबरोबर उघडलं. कोणी नव्हतं. उंबऱ्याशी चिखल होता फक्त."

वडिलांची पाठ हलत होती. ते आवाज न करता रडत होते. कानसेनला वाटलं, आपलंही सांगून टाकावं. बाबा, तुमचा एकट्याचा दोष नाही, मीही तेच केलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्याने ते गिळले. स्वतःचाच त्याला संताप आला, पण तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

टक टक... टक.

भर दुपार होती. कुणी कुणाला थांब म्हटलेलं नव्हतं. तरी तिघांपैकी एकही जण हलला नाही. वडिलांनी भिंतीवर कपाळ टेकलं. तिचे डोळे दारावर खिळले होते, पाऊल मात्र उचलत नव्हतं.

"दादा..." ती पुटपुटली. "तुम्ही उघडा ना..."

टक टक... टक. या वेळी जरा लांबून. पुन्हा, आणखी लांबून. पावलं मात्र वाजत नव्हती. कुणी जिना उतरत नव्हतं. थापा त्याच दारावर, त्याच जागी पडत होत्या आणि लहान होत चालल्या होत्या. हे असं कमी होणं कानसेनच्या ओळखीचं होतं. त्याने खाली पाहिलं. त्याच्या मांडीवर त्याच्या डाव्या हाताचं बोट हळूहळू मागे सरकत होतं.

त्याने उजव्या हाताने ते बोट पकडलं, पुढे ढकलायला पाहिलं. बोट ऐकेना. ते गुडघ्यापासून मागे मागे येत पोटाशी टेकलं आणि थांबलं.

"गेले," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. "गेले ते, दादा. थांबलं वाजायचं."

कानसेनने मान हलवली. तिला काय सांगणार? थांबलं नव्हतं. इतरांना ऐकू येणार नाही इतकं खाली गेलं होतं, एवढंच. त्याच्या तयार कानाला ते नीट ऐकू येत होतं. तो अजून दार वाजवतच होता.