दुसऱ्या हाताचे टाके

आमच्याकडे पहिल्या नातवंडाची गोधडी बापाची आई शिवते. आतल्या थरात दोन्ही घरचं एकेक वापरलेलं लुगडं घालायचं. जिचं लुगडं, तिला आधी विचारायचं, "देतेस का?" ती "घे" म्हणाली की मगच कात्री लावायची.

माझं लुगडं होतंच. दुसरं अकोल्याहून विहीणबाईंनी, बेबीताईंनी, माझ्या मुलाच्या, शुभमच्या हाती पाठवलं. जांभळं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांचंच असेल असं धरून मी विचारलं नाही.

सून आरती माहेरी अकोल्याला बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगा झाला. श्वास धरत नव्हता म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता. शुभम तिथंच बसून होता. मी इथं अमरावतीत, शेगाव नाक्यामागच्या घरी, पुढच्या खोलीत गोधडी अंथरून बसले. माझ्या हाती दुसरं होतं तरी काय?

सकाळचं स्मरण झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि शिवताना एका टाक्याला एक नाम घेते. सांजेच्या स्मरणाला सुई ठेवली की ती दुसऱ्या दिवशीच उचलायची. धावदोरा कडेनं सुरू करून फेऱ्याफेऱ्यानं आत न्यायचा. मधोमध साखळी टाक्याचं कमळ, आणि शेवटचा टाका त्याच्या गाभ्यात. ज्या बाईचा तो टाका, तिनं बाळाला पहिल्यांदा गोधडीत घ्यायचं. असा रिवाज आहे.

एका सकाळी गोधडीच्या समोरच्या कोपऱ्यात एक ओळ घातलेली दिसली.

आधी वाटलं, माझीच असेल, काळजीत विसरले असेन. पण माझा टाका उजवीकडे कलतो. हे टाके डावीकडे कलले होते, आणि माझ्याहून बारीक होते.

शेजारच्या रागिणीला विचारलं. ती हसायलाच लागली. "काकू, मले सुईत दोरा ओवता येत नाही, अन् मी तुमची गोधडी शिवीन?"

दुसऱ्या दिवशी ती ओळ कोपऱ्यावर वळून लगतच्या कडेला आली होती. दार आतून लावलेलं. खोलीत शेपा-ओव्याच्या धुरीचा वास, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. तिथल्या कापडावर हात ठेवला. ऊन लागलं. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

मी बेबीताईंना फोन लावला.

"दंडवत, बेबीताई. ते लुगडं कोणाचं हो?"

"कावून? फाटलं का?"

"नाही, छान आहे."

"आमच्या जाऊबाईचं, जयवंताचं. पेटीत पडून होतं. म्हटलं मऊ हाय, लेकराले टोचनार नाही."

"त्यांना विचारलंत?"

"आता कोनाले इचारू जी? तिले जाऊन लय वर्स झाले."

"डावखुऱ्या होत्या का?"

तिकडून हळूच, "तुमाले कोनं सांगतलं?" आणि आणखी हळू, "तिले लेकरू नव्हतं. आमच्या सासूनं तिले बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवू देल्ला नाही. आरती झाली तवा मी बी देल्लं नाही तिच्या हातात. दारातून पाह्यत उभी राहे."

फोन ठेवला आणि कात्री घेतली. माझ्या नातवाच्या अंगावर तिचा हात नको होता. समोरच्या ओळीचे टाके कापले. दोरा ओढून काढायला लागले, तसं बोटांना गार लागलं. ऊन होती ती गोधडी गार पडत चालली होती.

फोन वाजला. शुभम.

"आई, बाळ निळं पडून राहिलं! श्वास घेत नाही. डॉक्टर आत हायेत."

माझ्या हातून कात्री पडली.

फोन कानाशी होता. नजर गोधडीवर.

कापलेल्या दोऱ्याचं टोक हळूच कापडात शिरलं. पुढं वर आलं. पुन्हा शिरलं.

सुई नव्हती.

"घेतला!" शुभम रडत होता. "घेतला आई त्यानं!"

त्यानंतर मी कात्रीला हात लावला नाही. माझ्या बाजूनं मी शिवत राहिले. त्या बाजूनं, मी स्मरणाला बसले की, ओळ पुढं सरके. शुभमचे फोन येत होते. बाळ दूध पिऊन राहिलं. नळी काढली. आपलं आपण श्वास घेऊन राहिलं.

मग कमळ झालं. गाभ्यात एका टाक्याची जागा उरली.

सुई माझ्या हातात होती. नातू माझा होता. पहिलं घेणं माझं होतं.

मी सुई गोधडीवर आडवी ठेवली. "जयवंताबाई," मी म्हटलं, "लुगडं देता का?"

मी पाठ करून सांजेच्या स्मरणाला बसले. वळून पाहिलं तेव्हा जागा भरलेली होती.

बाळाला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा अकोल्याला बेबीताईंच्या घरी मी स्वतः गोधडी खाटेवर अंथरली. "तुम्हीच घ्या ना आई पहिले," आरती म्हणाली. मी नको म्हटलं; शेवटचा टाका माझा नव्हता. तिनंच बाळाला ठेवलं आणि कडा वरून घेतल्या. बाळ रडलं नाही.

दुपारी सगळे आत जेवत होते. मी त्याच्याजवळ. गोधडी एका लयीत खाली-वर होत होती. मन भरून आलं. मी त्याला अलगद उचलून मांडीवर घेतलं.

रिकामी गोधडी तशीच खाली-वर होत राहिली.

बाळाची छाती हलत नव्हती.

मी त्याला परत तिच्यात ठेवलं. ओठांवर हळूहळू रंग आला.

आरती हात पुसत आली. "द्या आई त्याले, दूध पाजतो."

"उचलू नको," मी म्हटलं. "तिथंच वाकून पाज."