दाराबाहेरचा कप्तान

सासूबाईंची नजर गेली, पण टीव्हीवरची समुद्री चाच्यांची मालिका काही सुटली नाही. बोलणं त्या ऐकायच्या आणि मधल्या मुक्या जागा सून भरून काढायची. शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या शर्टांना बटणं लावता लावता ती पडद्याकडे बघून सांगायची, "आता कप्तान डोलकाठीवर चढतोय. दाढी पार भिजलीय."

"कापायला सांग ती दाढी," सासूबाई म्हणायच्या. "जेवताना ताटात बुडत असेल मेल्याची."

शेवटचा भाग लागला तेव्हा दोघी जेवण लवकर आटपून बसल्या. ज्या माणसांना कप्तानाने फासावरून सोडवलं होतं, त्यांनीच त्याला डोलकाठीला बांधलं आणि ती होड्यांत बसून निघून गेली. जहाज बुडू लागलं. मग कोणी काही बोललंच नाही. नुसतं पाणी, वारा, आणि दोराला लोंबणारी एक लाकडी कप्पी डोलकाठीवर आपटत होती. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदाच, टक.

"काय झालं गं? सुटला ना?" सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

खोटं बोलायचं नाही, हा सुनेचा रोजचा नेम. लग्नाआधीपासून पाळलेला. पण या मालिकेच्या ओढीनेच सासूबाई दोन घास खात होत्या, सकाळी उठून बसत होत्या.

"सुटला," ती म्हणाली. "दोर कापला त्याने. पोहतोय. एका पायातला बूट समुद्रात गेला."

"आणि हा आवाज कसला?"

पडद्यावर पाणी कप्तानाच्या हनुवटीला लागलं होतं.

"किनाऱ्याला लागलाय. एका घराचं दार वाजवतोय."

"कोणाच्या?"

तिची नजर आपल्याच दाराकडे गेली. डोळ्यांसमोर होतं तेच सांगितलं. "आपल्यासारखंच घर आहे. तीन जिने चढून गेलाय. हिरवं दार."

"उघडलं का?"

तेवढ्यात पडद्यावर नावं सरकू लागली. "तिथेच संपलं, आई."

सासूबाईंनी मनगट सोडलं. "हा काय शेवट झाला? भिजलेल्या माणसाला दाराबाहेर उभं करून गेले!"

खरा शेवट तरी कोणाला आवडला होता? दुसऱ्या दिवशी दुकानात शिंपी कात्री आपटत म्हणाला, "इतकी वर्षं जीव लावला आणि शेवटी बुडवून मोकळे! लिहिणाऱ्यालाच त्या काठीला बांधायला हवं होतं." सून हसली. पण मनातून आपण रचलेला शेवट आठवून तिला कसंसंच झालं.

आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला. दिवसाढवळ्या, भांडी घासताना. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मग, टक. तिने दार उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं.

"पाण्याचा पाइप सैल झालाय," नवरा म्हणाला. "प्लंबरला बोलावतो."

"पाइपला थंडी वाजते का रे?" सासूबाई म्हणाल्या. "कुडकुडतोय बिचारा. ऐकू येत नाही तुम्हाला?"

"आई, तुझा कप्तान आला तर त्याला म्हणावं, आधी पाय पूस."

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून ताटात अर्धं जेवण बाजूला ठेवू लागल्या.

मग एका दुपारी सून शर्ट पोचवून परतली, तर जिना ओला. खालपासून वरपर्यंत. तिने पायरीला बोट लावून जिभेला लावलं. खारट. समुद्र त्या गावापासून रेल्वेने रात्रभराच्या वाटेवर होता.

शेवटचे दोन जिने ती धावतच चढली. दार सताड उघडं होतं. सासूबाई नेहमीच्या खुर्चीत, शांत. ताट समोर होतं, रिकामं, पुसून घेतल्यासारखं.

शेवट आपणच अर्धा ठेवला. आता आपणच पुरा करायचा. ती त्यांच्या पायांशी बसली.

"आई, तो भाग आज दुकानात पुन्हा लागला होता. त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं. दार कोणीच उघडत नाही. तो वाट बघतो, जिने उतरतो, आणि समुद्राकडे परत जातो."

नेम पुन्हा मोडला. तिने कान टवकारले.

काही नाही.

बराच वेळ काही नाही.

तिने रोखलेला श्वास सोडला.

"परत कसा जाईल?" सासूबाई म्हणाल्या. "तू दुकानात गेलीस तेव्हा मीच नाही का उघडलं!"

"कोणाला, आई?"

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते कधी लोटलेलं नसे.

सून उठली. तिकडे बघवेना, म्हणून बाहेरचं दार लावायला वळली. सताड उघडं असलेलं ते हिरवं दार तिने भिंतीपासून ओढलं.

दाराच्या मागे, नवऱ्याच्या चपलांशेजारी, नीट भिंतीला टेकवून ठेवलेला एक उंच बूट होता. एकच. त्याच्या तळातून पाणी अजून झिरपत होतं.